रंग आधी, गोंद नंतर: मॉडेल रेल्वेसाठी पहिलं क्राफ्ट्समन किट

क्राफ्ट्समन किटचा डबा उघडला की आत इमारत नसते. बासवुड नावाच्या मऊ, हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या आणि बारीक पट्ट्या, प्लास्टिकच्या फ्रेममध्ये अडकलेल्या खिडक्या-दारं, पांढऱ्या धातूचे किंवा रेझिनचे चिल्लर भाग, छपराचा कागद, छापील पाट्या आणि सूचनांची पुस्तिका, एवढंच हाती येतं. प्लास्टिकचं साधं किट खटाखट जोडलं की झालं. इथे मात्र लाकूड कापायचं, रंगवायचं, जुनं करायचं आणि मग उभं करायचं. पहिली छोटी इमारत करायला सुट्टीचे दोन-तीन दिवस सहज जातात, आणि त्यातला निम्मा वेळ काहीतरी वाळायची वाट बघण्यात जातो.

हा प्रकार अमेरिकेतला, आणि त्यातही न्यू इंग्लंडची, म्हणजे त्या देशाच्या ईशान्य कोपऱ्याची, छाप त्याच्यावर फार. जॉर्ज सेलिओस यांनी १९६७ साली फाइन स्केल मिनिएचर्स ही कंपनी सुरू केली आणि अशा किटना एक ठरावीक चेहरा मिळाला: आडव्या फळ्यांची कळकट घरं, गंजलेले पत्रे, अंगणात पिंपं आणि मोडक्या खोक्यांचा ढीग. मॅसॅच्युसेट्समधल्या पीबडी गावातला त्यांचा ‘फ्रँकलिन अँड साउथ मँचेस्टर’ हा लेआउट, म्हणजे रूळ, इमारती आणि परिसर मांडलेली छोटी रेल्वे, १९३०च्या दशकातल्या मंदीचा काळ दाखवतो. म्हणूनच या किटमधल्या इमारती नव्या-कोऱ्या दिसत नाहीत. रंगरंगोटीला पैसे नसण्याचा तो काळ होता.

कोणतं किट घ्यावं

पहिल्यांदा एचओ स्केल घ्या, म्हणजे १:८७. यात एक फूट म्हणजे ३.५ मिलिमीटर. सहा फुटी माणूस २१ मिलिमीटरचा, सात फुटी दार साडेचोवीस मिलिमीटरचं. हा साडेतीनचा पाढा डोक्यात बसला की कुठलीही गोष्ट मापात आहे की नाही ते लगेच कळतं. एन स्केल, म्हणजे १:१६०, जागा वाचवतं पण नवख्या बोटांना छळतं. ओ स्केल, म्हणजे १:४८, हाताला सोपं, पण तपशील जास्त मागतं.

इमारत चार भिंतींची, एका छपराची असावी. रुळाकाठचं हत्यारांचं खोपटं, छोटं मालधक्क्याचं गोदाम, कोळशाच्या व्यापाऱ्याचं ऑफिस. डब्यावरचं चार मजली कारखान्याचं चित्र भुरळ घालतं. ते तिसऱ्या-चौथ्या खेपेला ठेवा. शक्य असेल तर लेसरने कापलेलं किट निवडा. त्यात खिडक्यांची भोकं नेमक्या मापाची असतात आणि कोपऱ्यांना बहुधा खाचा-जिभा असतात, त्यामुळे भिंती काटकोनात बसवणं सोपं जातं. जुन्या पद्धतीच्या किटमध्ये पट्ट्या स्वतः मापून कापाव्या लागतात. मजा तिथे जास्त, पण ती पहिल्याच इमारतीत नको.

परदेशातून मागवत असाल तर स्प्रेचे डबे, थिनर आणि काही प्रकारचे गोंद हवाई टपालाने येत नाहीत, हे धरून चला. किट तिकडचं, बाकी सामान इकडचं, अशीच विभागणी करावी लागते, आणि ती चांगली जमते.

टेबलावर काय हवं

११ नंबरच्या पात्याची धारदार सुरी आणि भरपूर जादा पाती. बोथट पातं लाकूड कापत नाही, चेंगरतं. इथे कंजुषी करू नका. स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, छोटा गुण्या, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, बारीक टोकाचा चिमटा, दाबायला दोन-चार वजनं आणि गोंद खाली चिकटू नये म्हणून बटर पेपर. लाकडाला लाकूड जोडायला फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद. धातू आणि रेझिनसाठी फेव्हिक्विक किंवा तसलाच झटपट गोंद. गोंद बाटलीतून थेट कधीच लावायचा नाही. झाकणात एक थेंब काढायचा आणि दात-कोरणीच्या टोकाने टिपून लावायचा. सांध्यातून गोंद बाहेर आला तर तो जास्त होता, इतकं साधं.

रंगासाठी मॅट ॲक्रिलिक, दोन-तीन चांगले ब्रश, एक जुना फिस्कारलेला ब्रश, थोडा स्पंज. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टेनची बाटली. अर्धा लीटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोन चहाचे चमचे वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक घालून ती हलवायची. अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सफाईसाठी मिळतं. ९९ टक्क्यांचं घ्या, कारण त्यात पाणी जवळपास नसतं आणि लाकूड कमी वाकतं. शाई तळाला बसते, म्हणून दर वेळी बाटली हलवून घ्यायची. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको. हे झटकन पेट घेतं.

आधी वाचन, मग मोजदाद

सूचना एकदा सलग वाचा. दुसऱ्यांदा वाचताना डब्यातला एकेक भाग समोर ठेवून वाचा. नकाशे आणि टेम्प्लेट असतील तर त्यांच्या झेरॉक्स काढा, कारण मूळ कागदावर कापाकापी झाली की पुन्हा माप मिळत नाही. लेसर-कट फळीतून भाग ओढून काढू नका. जिथे तो बारीक लाकडाने अडकलेला असतो तिथे सुरी टेकवून सोडवा. प्रत्येक भिंतीच्या मागच्या बाजूला पेन्सिलने नाव आणि ‘वर’ असा बाण करा. सगळ्या भिंती रंगवून झाल्यावर डावी कोणती आणि उजवी कोणती हे ओळखणं वाटतं तितकं सोपं नसतं.

भिंती वाकू न देणं

बासवुडची दीड मिलिमीटरची फळी ओल्या रंगाने एका बाजूला भिजली की धनुष्यासारखी वाकते. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात तर रंग न लावताही वाकेल. म्हणून रंगाच्या आधी भिंतीच्या मागे आधारपट्ट्या चिकटवायच्या. तीन मिलिमीटरची चौकोनी पट्टी घ्या, वरच्या आणि खालच्या कडेपासून थोड्या आत, आडव्या दोन ओळी. लांब भिंतीला मध्ये उभ्या एक-दोन. खिडक्यांच्या भोकांपासून दोन-तीन मिलिमीटर लांब राहा, नाहीतर चौकट बसणार नाही. कोपऱ्यात शेजारची भिंत येऊन टेकणार असते. तेवढी जागाही मोकळी सोडा. मग बटर पेपर, त्यावर भिंत, वर वजन, आणि रात्रभर तसंच.

‘रंग आधी, गोंद नंतर’ या नियमाला हा एवढाच अपवाद, आणि तो मागच्या बाजूला असल्यामुळे चालतो. पुढच्या बाजूला मात्र गोंदाचा एक थेंब जरी सांडला तर ती जागा स्टेन पीत नाही. तिथे फिकट, चकचकीत डाग राहतो आणि वरून कितीही रंग चढवला तरी डोकावतो. म्हणून दर्शनी बाजूचं सगळं लाकूड, म्हणजे भिंती, कोपऱ्यांच्या पट्ट्या, वासे, धक्क्याच्या फळ्या, चिकटवण्याआधीच रंगून तयार हवं.

रंगाआधी अजून एक काम. भिंतीच्या फळ्यांमध्ये जीव आणायचा असेल तर काही फळ्यांची टोकं सुरीने किंचित उचला, एखाद-दुसऱ्या ठिकाणी उभी चीर देऊन दोन फळ्यांचा जोड दाखवा, वायर-ब्रश लाकडाच्या रेषांच्या दिशेने एकदा हलका फिरवा. शिंपी वापरतात त्या दातेरी चाकाने खिळ्यांची भोकं पाडायची पद्धतही आहे. माझं मत विचाराल तर एचओमध्ये ती भोकं खऱ्या मापात नारळाएवढी होतात. पण लोकांना आवडतात, आणि अगदी हलक्या हाताने पाडली तर सावलीसारखी चांगलीही दिसतात.

रंग: पाणी कुठून वाहतं ते बघा

सगळं कसब इथे आहे. सुरुवात स्टेनने. भिंतीला दोन्ही बाजूंनी स्टेन लावा, म्हणजे ताण सारखा राहतो. वाळल्यावर लाकूड राखाडी, उन्हात वर्षानुवर्षं पडलेल्या फळीसारखं दिसतं. हा राखाडी थर म्हणजे रंगाखालचं उघडं लाकूड. पोपडे उडालेल्या जागी हाच दिसणार आहे. एकच हात द्या. काळपट व्हायला लागलं तर थांबा, कारण गडद झालेलं लाकूड फिकट करता येत नाही.

आता वरचा रंग. न्यू इंग्लंडमधल्या अशा इमारतींवर आयर्न ऑक्साइडचा विटकरी लाल खूप दिसतो, कारण तो स्वस्त होता आणि टिकायचा. दुसरा पांढरा, त्या काळी त्यात शिशाचं संयुग असे, आणि तो कालांतराने भुकटी होऊन पावसाबरोबर खाली ओघळायचा. मळकट पिवळा, फिका हिरवा आणि करडा हेही चालतात. कुठलाही रंग डब्यातून जसाच्या तसा घेऊ नका. एचओ इमारतीकडे एका फुटावरून बघणं म्हणजे खऱ्या इमारतीकडे ८७ फुटांवरून बघणं, आणि इतक्या लांबून रंग फिकट, धुरकट दिसतो. म्हणून प्रत्येक रंगात थोडा फिका करडा मिसळा. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा, दोन्ही बाटल्या बंदच ठेवा.

पोपडे उडालेला रंग दाखवायच्या अनेक युक्त्या आहेत. नवख्याने दोन शिकाव्यात.

पहिली स्पंजाची. स्पंजाचा लहान तुकडा रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपायचा, मग भिंतीवर हलके ठिपके द्यायचे. मधूनमधून राखाडी लाकूड उघडं राहतं. यात बिघडण्यासारखं काही नाही.

दुसरी टर्पेंटाइनची. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं तेच मिनरल टर्पेंटाइन स्टेन वाळलेल्या भिंतीवर ब्रशने फिरवा. ओली चमक जाऊन पृष्ठभाग मंद दिसू लागला की पातळ ॲक्रिलिकचा एक हात द्या. काही मिनिटांनी रंग हाताला लागेनासा झाला की मास्किंग टेपचा तुकडा दाबून झटक्यात उपटा. टेपबरोबर रंगाचे पोपडे निघून येतात, कारण टर्पेंटाइनमुळे रंगाने लाकूड नीट धरलेलं नसतं. टेपचा चिकटपणा कमी करायचा असेल तर तो आधी पँटवर दोनदा थापा. कधी उपटायचं ही वेळ हवेवर ठरते. पुण्याच्या मार्चमध्ये जी वेळ जमेल ती पावसाळ्यात जमणार नाही, म्हणून उरलेल्या फळीच्या तुकड्यावर आधी करून बघा.

आता पोपडे उडवायचे कुठे? इथेच बहुतेक मॉडेलं फसतात. सगळ्या भिंतीवर सारखे पोपडे उडवले तर ते नक्षीकाम दिसतं. खऱ्या घराचा रंग पाणी आणि ऊन घालवतं. जोत्याला पावसाचे शिंतोडे उडतात, तिथे खालच्या तीन-चार फळ्या आधी सोलतात. खिडकीच्या उंबऱ्याच्या दोन्ही टोकांना पाणी निथळतं, तिथून खाली ओघळ येतात. छपराच्या कडेखाली, वळचणीला, रंग सगळ्यात चांगला टिकतो, कारण तिथे ना ऊन ना पाणी. त्या देशात दक्षिणेकडची भिंत उन्हाने जास्त विटते, उत्तरेकडची शेवाळते. म्हणजे इमारत लेआउटवर कुठे, कुठल्या दिशेला उभी राहणार हे रंगाआधीच ठरवा. कोकणातली जुनी कौलारू घरं पाहिलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही; श्रावणातली एखादी भिंत आठवा आणि ब्रश उचला.

शेवटी फिस्कारलेल्या ब्रशने कोरडा हात: फिक्या करड्याचा ब्रश कागदावर पुसून पुसून जवळजवळ रिकामा करायचा आणि फळ्यांच्या कडांवरून वरून खाली फिरवायचा. मग स्टेनचा अगदी पातळ हात, म्हणजे फळ्यांखालच्या सावल्या उठतात.

खिडक्या-दारं

खिडक्या फ्रेममध्ये असतानाच रंगवा. सुट्या केल्या की चिमट्यातून उडून नाहीशा होतात. भिंतीच्या रंगापेक्षा चौकटीचा रंग वेगळा ठेवा. काच म्हणून पारदर्शक प्लास्टिक नेहमी रंगानंतर, आणि झटपट गोंदाने कधीच नाही, कारण त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. पांढऱ्या गोंदाचे चार बारीक थेंब पुरतात. एखादी काच चिरलेली, एखादी पुठ्ठ्याने झाकलेली, एखादी खिडकी अर्धवट उघडी, इतकं पुरे. आतून अर्ध्यावर ओढलेला पडदा म्हणून खाकी कागद लावला तर आत काही नाही हे कळत नाही.

दिवा लावायचा असेल तर भिंतींची आतली बाजू आत्ताच काळी करा. पातळ बासवुडमधून एलईडीचा उजेड आरपार येतो आणि अख्खी इमारत आकाशकंदिलासारखी पेटते.

उभारणी

आता गोंद. दोन भिंतींचा एक इंग्रजी ‘एल’ करा, गुण्याला टेकवून वाळवा. मग दुसरा ‘एल’. मग दोन्ही जोडा. चारही भिंती एका दमात उभ्या करायला जाऊ नका. आत कोपऱ्यांमध्ये उभ्या पट्ट्या घाला. चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर इमारत काटकोनात आहे. लेसरने कापलेल्या कडा जळून तपकिरी झालेल्या असतात. कोपऱ्याच्या पट्टीखाली त्या लपतात, जिथे लपणार नाहीत तिथे भिंतीच्याच रंगाने झाका. मागे चिकट कागद असलेल्या पट्ट्या येतात, त्या कागद सोलण्याआधी रंगवायच्या, आणि त्यांच्या बाजूच्या कडाही. पांढऱ्या कडा राहिल्या की सगळी मेहनत उघडी पडते.

जोतं बहुधा प्लास्टरचं असतं. ते ठिसूळ, कापायचं तर मागून खाच पाडून अलगद मोडायचं. त्यावर स्टेन ओतला की दगडांमधल्या भेगा आपोआप काळ्या होतात. मग पाच-सहा दगड वेगवेगळ्या मातकट रंगांचे करा.

छप्पर

लेआउट आपण वरून बघतो, त्यामुळे सगळ्यात जास्त दिसतं ते छप्पर, आणि नेमका त्याच वेळी माणूस कंटाळलेला असतो. छपराला एक वेगळा दिवस द्या.

डांबरी कागदाचं छप्पर सगळ्यात सोपं. खरा रोल तीन फूट रुंद, म्हणजे आपल्याकडे साडेदहा मिलिमीटरच्या पट्ट्या. कुठलाही पातळ काळा कागद चालतो. खालच्या कडेपासून सुरुवात करून आढ्याकडे चढायचं, प्रत्येक वरची पट्टी खालच्यावर थोडी चढलेली. उलट केलं तर पाणी छपरात शिरेल, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी चुकलंय हे जाणवतं. प्रत्येक पट्टी वेगळ्या करड्याची हवी. नंतर खडूची भुकटी ब्रशने आढ्याकडून खाली ओढा. एक-दोन ठिकाणी डांबराचं ठिगळ.

पन्हळी पत्र्याचं छप्पर असेल तर एकेक पत्रा सुटा लावा. दोन फूट बाय आठ फुटांचा पत्रा म्हणजे ७ बाय २८ मिलिमीटर. गंज म्हणून एकच नारिंगी फासू नका. गडद तपकिरी आधी, त्यावर विटकरी, आणि नारिंगी फक्त ताज्या गंजाच्या जागी, म्हणजे खिळ्यांजवळ आणि जोडांवर. ॲल्युमिनियमचे पत्रे ॲसिडमध्ये किंवा सर्किट बोर्डाच्या रसायनात बुडवून गंजवणारे लोक आहेत. ती क्रिया उसळून येते आणि वाफा घातक असतात. नवख्याने रंगीत खडूच्या भुकटीवर समाधान मानावं. फरक हातभर अंतरावरून दिसत नाही.

पाट्या आणि चिल्लर

छापील पाटी कापून उलटी ठेवा आणि मागून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासत जा, कागद सिगारेटच्या कागदाइतका पातळ होईपर्यंत. पाणी घातलेल्या गोंदाने ती भिंतीवर बसवा आणि ओली असतानाच नखाने फळ्यांच्या खाचांमध्ये दाबा. मग ती चिकटवलेली न वाटता रंगवलेली वाटते. कडा आधी पेन्सिलने करड्या करायला विसरू नका.

धातूच्या भागांच्या जोडरेषा सुरीने खरवडा, साबणाने धुवा, प्रायमर द्या, रंगवा. किटमध्ये आलेली सगळी पिंपं, खोकी आणि मांजरं लावलीच पाहिजेत असं नाही. निम्मी डब्यात ठेवा, पुढच्या इमारतीला लागतील.

लेआउटवर बसवताना

इमारतीखाली फट दिसली की ती जमिनीवर ठेवलेली वाटते, जमिनीत रोवलेली नाही. चाळलेली कोरडी माती जोत्याभोवती पसरा, ड्रॉपरने आधी अल्कोहोल आणि मग पाणी घातलेला गोंद सोडा. दारासमोरची माती पायांनी तुडवलेली, फिकट. भिंतीच्या कडेला गवत.

हीच पद्धत पुढे आपल्याकडच्या इमारतीलाही लागू पडते. मेन राज्यातल्या सँडी रिव्हर अँड रेंजली लेक्स या दोन फुटी गेजच्या, म्हणजे रुळांमध्ये दोन फूट अंतर असलेल्या, रेल्वेच्या इमारतींची किटं लोक हौसेने करतात. नेरळहून माथेरानला जाणारी गाडीही त्याच दोन फुटी गेजची. वाटेवरच्या एखाद्या छोट्या स्टेशनचे फोटो काढा, दाराची उंची सात फूट धरून बाकीची मापं त्यावरून काढा, आणि किटमधून उरलेल्या पट्ट्या घेऊन बसा. तोवर पहिली इमारत जमिनीला कायमची चिकटवू नका. जोत्याभोवतीची माती तेवढी पक्की करा, इमारत उचलता आली पाहिजे. दिव्याची वायर कधीतरी तुटणारच.